हुकूम कारखान्याचा, पगार कंत्राटदाराचा

वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात रात्री बारकोडचा प्रिंटर अडला की भरलेला ट्रक गेटवरच थांबतो आणि फोन जातो आयटी सपोर्टच्या पोराला. त्याचं काम 'तिकिटां'त मोजतात. तक्रार नोंदली की तिकीट तयार आणि घड्याळ सुरू. एक तिकीट विसरलेल्या पासवर्डचं, दुसरं बंद पडलेल्या सर्व्हरचं. महिनाअखेरच्या आकड्यात बऱ्याचदा दोन्ही सारखीच धरली जातात, आणि हा सरळ अन्याय आहे. वर, अनेकांना हुकूम कारखान्याचा मॅनेजर देतो, पगार मात्र कंत्राटदार. त्याने पगार थकवला, तर तो चुकता करण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कारखान्यावर, येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातली ही तरतूद २०२० च्या कामगार संहितेतही आहे. पगारपत्रक आणि हजेरीची नोंद म्हणूनच स्वतःजवळ जपून ठेवावी.