नातू निघाला वणवा विझवायला



दोन वर्षांपूर्वी अमेरिकेहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. अगदी रडकुंडीला आली होती. "ताई, तू नर्स आहेस, तुझं तो ऐकेल. हे खूळ डोक्यातून काढ म्हणावं त्याला." खूळ कसलं, तर ओरेगॉनमध्ये जन्मलेला तिचा नातू उन्हाळ्यात जंगलातले वणवे विझवण्याच्या हंगामी नोकरीला निघाला होता.

लहानपणी अलिबागकडच्या आमच्या गावी डोंगराला वणवा लागला की माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन आग झोडपायला धावत. मला वाटलं, तसंच काहीतरी असेल. पण वॉर्डात इतकी वर्षं काढून एक गोष्ट शिकले आहे : आधी समोरच्याचं ऐकून घ्यावं, मग औषध सांगावं. म्हणून त्याला म्हटलं, "बाळा, मला सगळं नीट सांग."

सरकारी वनखात्याच्या या कामाला नागरिकत्व लागतं आणि वय १८ पूर्ण लागतं. आगीचा अनुभव नसला तरी चालतो. उन्हाळ्याच्या कामासाठी अर्ज मात्र कित्येक महिने आधी, सरकारच्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर करायचा. आधी कुठं काम केलं आणि आठवड्याला किती तास केलं, तेही लिहायचं. आमच्या पोराने अर्ज टाकला आणि जिथं काम हवं होतं त्या ठाण्यांवरच्या साहेबांना स्वतः फोन केले. तिसऱ्या ठाण्यावर होकार मिळाला.

मग परीक्षा. पाठीवर ४५ पौंड, म्हणजे वीस किलोंहून जास्त ओझं घेऊन ३ मैल ४५ मिनिटांत चालायचं. धावायला बंदी! हा पठ्ठ्या महिनाभर पिशवीत तांदूळ भरून टेकडी चढत होता. बहीण म्हणे, "माझा बासमती गावभर फिरवून आणला!"

त्यानंतर शिक्षण. बालमित्रांनो, तुम्हाला वाटेल की वणवा पाण्याने विझवतात. पाणी असेल तिथं वापरतातच, पण डोंगरात पाणी आणणार कुठून? म्हणून आगीच्या वाटेतलं गवत, झुडपं, पालापाचोळा काढून खालची माती उघडी करतात. जळायला काही उरलं नाही की आग तिथं थांबते. आपल्याकडे वनखाते याला जाळरेषा म्हणतं. वीस-वीस जणांची तुकडी ओळीने खणत पुढे जाते. त्यांच्या हत्याराला पुलास्की म्हणतात. त्याला एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं असतं. एड पुलास्की हा वनखात्याचा माणूस. १९१० च्या भयंकर वणव्यात त्याने आयडाहोमध्ये आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेलं. घाबरून बाहेर पळणाऱ्यांना त्याने पिस्तूल दाखवून अडवलं. त्यातले बहुतेक जगले.

एका मोहिमेवर सलग १४ दिवस काम, बऱ्याचदा दिवसाला १६ तास. झोप तंबूत नाहीतर उघड्यावर. दिवसाला ४,००० ते ६,००० कॅलरी लागतात. मी त्याला नर्स म्हणून बजावलं, "तहान लागायची वाट बघू नकोस. लघवी गडद झाली किंवा अंग फार दुखायला लागलं तर लाजू नकोस, लगेच सांग." धुराची काळजी मात्र माझ्या मनातून जात नाही. आग विझवण्याच्या व्यवसायामुळे कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ मध्ये जाहीर केलं आहे.

नोकरीही कच्ची. हंगाम संपला की काम संपलं, पेन्शन नाही. २०१२ पूर्वी या हंगामी लोकांना सरकारी आरोग्य विमासुद्धा मिळत नव्हता. पगारवाढ कायद्याने कायमची झाली ती २०२५ मध्ये.

आणि जिवाची भीती आहेच. १९९४ मध्ये कोलोरॅडोत १४ जण गेले. २०१३ मध्ये ॲरिझोनात यार्नेल गावाजवळ एकाच तुकडीतले १९ गेले. आग अंगावर आली तर पांघरायचा चकचकीत तंबू प्रत्येकाच्या कमरेला असतो. त्या १९ जणांजवळही तो होता. म्हणून तंबूवर भरवसा ठेवायचा नाही. टेहळणीला माणूस हवा, एकमेकांशी बोलणं चालू हवं, सुटायची वाट आणि सुरक्षित जागा आधीच ठरलेली हवी. ही चार झाली नाहीत तर कुदळ उचलायची नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात सहा दिवस त्याचा फोन नव्हता. बहीण मला दिवसातून चारदा विचारायची, जसं काही माझ्याकडेच वायरलेस आहे! सातव्या दिवशी तो बोलला. पाच दिवस खणलेली जाळरेषा सोडून ते परत फिरले होते. वारा फिरणार असं कळल्याबरोबर मुकादमाने सगळ्यांना मागे घेतलं. तासाभरात आग रेषा ओलांडून गेली.

मी विचारलं, "एवढी मेहनत वाया गेली, वाईट वाटलं का रे?"

म्हणाला, "मोठी आजी, रेषा पुन्हा खणता येते."

त्या दिवशी मी बहिणीला सांगितलं, "आता मी त्याला नको म्हणणार नाही. ज्याला मागे फिरायला कमीपणा वाटत नाही, त्याला जाऊ दे." ती अजून रागावलेली आहे. पण यंदा त्याच्यासाठी लोकरी मोजांचे सहा जोड तिनेच आणले.

इथं २०१० मध्ये कार्मेलच्या वणव्यात ४४ माणसं गेली, ते आपण कोणी विसरलेलो नाही. तेव्हा बाळांनो, लाग बाओमेरची शेकोटी संपली की नुसतं पाणी ओतून घरी पळू नका. राख ढवळा, पुन्हा पाणी ओता. मग मोठ्या माणसाला हाताची पाठ राखेजवळ नेऊन बघायला सांगा. ऊब लागली तर आग अजून जिवंत आहे. आमचा नातू जंगलात तसंच बघतो. मीही आयुष्यभर लेकरांचा ताप तसाच बघितला.

आणि आग हाताबाहेर गेली तर १०२ ला फोन करा, आणि आधी स्वतः लांब व्हा.