टॅड डॅमरनचे मधले सूर
जॅझ संगीतकार टॅड डॅमरन १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये कर्करोगानं गेला, तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. ‘लेडी बर्ड’, ‘हॉट हाऊस’, ‘गुड बेट’ या त्याच्या रचना आजही जॅझ वादकाला याव्याच लागतात. सारा वॉननं १९४६मध्ये गायलेलं त्याचं ‘इफ यू कुड सी मी नाऊ’ पुढच्या पिढ्याही गात आल्या. मग विस्मरणात गेलं ते काय? माझ्या मते, त्याचं खरं काम. चाली टिकल्या, पण त्या चालींखाली त्यानं ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनसाठी बांधलेले सूर हरवले, कारण ते ज्या हस्तलिखित पानांवर होते ती पानंच राहिली नाहीत. मुंबईच्या स्टुडिओत काम केलेल्या, मूळच्या गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांसारख्या अरेंजरांचं काम आठवलं की हे दुःख आपल्यालाही कळतं. गाणं सगळ्यांना पाठ असतं, त्यातले व्हायोलिनचे तुकडे कोणी बांधले हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

डॅमरन क्लीव्हलंडचा. चाळीसच्या दशकात बीबॉप ही जॅझची नवी शैली आली, आणि दोन वाद्यांनी एकसुरात मुखडा वाजवायचा, मग एकेकानं आपली करामत दाखवायची, अशी रीत पडली. डॅमरनला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. त्यानं बीबॉपचा वेग आणि त्याची वाकडी वळणं घेतली, पण त्यांना बांधणी दिली. पाच-सहा वाद्यांतून तो भरगच्च मोठ्या बँडचा आवाज काढी. डिझी गिलेस्पीच्या बँडसाठी त्यानं लिहिलं, १९४८मध्ये रॉयल रूस्ट क्लबमध्ये ट्रम्पेटवादक फॅट्स नॅव्हारोला सोबत घेऊन स्वतःचा बँड चालवला. पुढे हेरॉइननं घात केला. पन्नासच्या दशकाची अखेर केंटकीतल्या लेक्झिंग्टनच्या सरकारी बंदिवासात गेली. बाहेर आल्यावर १९६२मध्ये त्यानं ‘द मॅजिक टच’ ही तबकडी केली, तीच शेवटची.

त्या तबकडीवर ड्रम वाजवणारा होता फिली जो जोन्स. माइल्स डेव्हिसच्या गाजलेल्या क्विंटेटचा ड्रमर म्हणून जग त्याला ओळखतं, पण डॅमरनशी त्याचं नातं त्याही आधीचं. १९५३च्या ‘अ स्टडी इन डॅमरनिया’ या तबकडीवर तो आहे, आणि तिच्यातली एक रचना डॅमरननं त्याच्याच नावानं केली आहे : ‘फिली जे. जे.’. १९५६मध्ये जॉन कोल्ट्रेनबरोबर झालेल्या ‘मेटिंग कॉल’वरही ड्रम त्याचेच. म्हणूनच ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं नऊ वादकांचा संच उभा केला आणि त्याला ‘डॅमरनिया’ हे नाव दिलं, यात मला नवल वाटत नाही. ड्रमरला सगळा बँड ऐकावा लागतो. कुठल्या वाक्यानंतर कोण येणार, कुठे सगळे एकदम थांबणार, हे त्याच्या हातापायांत बसलेलं असतं.

पण हातापायांतली आठवण ट्रम्पेटवाल्यापुढे स्टँडवर ठेवता येत नाही. मूळ कागद नव्हते. ट्रम्पेटवादक डॉन सिकलर आणि पियानोवादक जॉन ओडो यांनी जुन्या तबकड्या ऐकून एकेका वाद्याचा भाग पुन्हा उतरवला. हे काम किती चिवट असतं ते सांगायला हवं. सर्वांत वरचा ट्रम्पेट लगेच कळतो. तळाचा बॅरिटोन सॅक्सोफोन मात्र बासच्या घुमाऱ्यात मिसळतो. खरी परीक्षा मधल्या वाद्यांची असते. ट्रॉम्बोन, आल्टो, टेनर एकमेकांना इतके बिलगून वाजतात, की एक सूर कोणाचा आणि दुसरा कोणाचा हे ठरवायला तेच चार ठोके पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात. वरून जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखर. आणि डॅमरनची सारी खुबी त्या मधल्या सुरांतच. तिथे एखाद्या सुरात चूक झाली तर चाल तीच राहते, पण डॅमरन राहत नाही.

डॅमरनच्या ‘फाँतेनब्लो’सारख्या रचनेत तर लपायला जागाच नाही. १९५६च्या मूळ ध्वनिमुद्रणात आयत्या वेळच्या सुरावटींना वाव नव्हता, सगळं लिहून बांधलेलं. त्या वेळी बॅरिटोन वाजवला होता सेसिल पेननं, आणि डॅमरनियातही बॅरिटोन त्याच्याच हातात होता. ज्यानं तो भाग डॅमरनच्या हयातीत, त्याच्यासमोर बसून वाजवला होता, त्याच्याच पुढ्यात तो नव्यानं लिहून आला. जीर्णोद्धाराला याहून भक्कम आधार कुठला हवा?

‘टू टॅड विथ लव्ह’ आणि ‘लुक स्टॉप लिसन’ अशा डॅमरनियाच्या दोन तबकड्या अपटाउन या छोट्या कंपनीनं काढल्या. दुसरीत पाहुणा म्हणून जॉनी ग्रिफिनचा टेनर आहे. सुरुवात करायची तर पहिलीपासून करावी. आधी डॅमरनचं मूळ ‘फाँतेनब्लो’ ऐकावं, मग डॅमरनियाचं. मूळ ध्वनिमुद्रणात धुरकट वाटणारे आतले सूर इथे सुटे सुटे ऐकू येतात.

ऑगस्ट १९८५मध्ये फिली जो गेला. संच त्याच्या जिद्दीवर उभा होता, तेव्हा तिथेच मोडला असता तरी कोणी दोष दिला नसता. पण आता कागद तयार होते. सिकलरनं सूत्रं घेतली, ड्रमवर केनी वॉशिंग्टन बसला, आणि १९८९मध्ये पॅरिसलगतच्या बुलोन्य-बियांकूरमधल्या नाट्यगृहात डॅमरनिया पुन्हा वाजली. त्या मैफलीचंही ध्वनिमुद्रण झालं आणि तेही मिळतं.