बोटॉक्सची घाई आणि मराठवाड्याचे ऊन
लेखमाला : त्वचा समजून घेताना – भाग ७

गेल्या आठवड्यात आपण वांगाचा विचार केला. आजचा प्रश्न त्याच चेहऱ्याचा, पण वेगळ्या काळजीतून आलेला आहे. सुरकुत्या पडण्याआधीच बोटॉक्सची इंजेक्शने सुरू करावीत का, आणि करायची तर कोणत्या वयात? हा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. नांदेड-लातूरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडेही हा उपचार मिळतो आणि ‘पंचविशीतच सुरुवात करा’ हा सल्ला मोबाइलवरून घरोघरी पोचलेला आहे. या लेखाचे म्हणणे असे, की सुरुवातीची वेळ वयाच्या आकड्यावरून ठरत नाही, ती चेहरा स्वस्थ असताना त्यावर रेघ उरते की नाही, यावरून ठरते. आणि आपल्या भागात सुरकुत्या टाळायच्या असतील, तर इंजेक्शनाच्या कितीतरी आधी उन्हाचा बंदोबस्त केला पाहिजे.

हे पटण्यासाठी औषधाचे काम नीट समजून घ्यावे लागते. बोटॉक्स म्हणजेच बोटुलिनम टॉक्सिन हे एका जिवाणूपासून मिळणारे विष आहे. अतिसूक्ष्म मात्रेत ते मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला जाणारा रासायनिक संदेश अडवते आणि स्नायू सैल पडतो. अमेरिकेत 1989 साली त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरूथर्स आणि त्यांचे पती, त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलिस्टर कॅरूथर्स यांनी 1992 मध्ये भुवयांमधल्या आठ्यांवरील उपयोग प्रसिद्ध केला आणि 2002 मध्ये त्या कारणासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली. तीन ते पाच दिवसांत परिणाम दिसू लागतो, दोन आठवड्यांत तो पूर्ण होतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. म्हणजे हे औषध स्नायूंच्या हालचालीमुळे पडणाऱ्या रेघांवर काम करते. उन्हाने पातळ, खरखरीत आणि काळपट झालेल्या त्वचेवर त्याचा उपाय चालत नाही.

लवकर सुरुवात करावी असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद वरवरचा नाही. पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवली तर घडीवरच विरते, तशी रोज त्याच जागी दुमडणारी त्वचाही तिथे कायमची चिरते, म्हणून दुमडणेच थांबवा, असे ते सांगतात. पुराव्यादाखल 2006 साली प्रसिद्ध झालेले एका जुळ्या बहिणींचे उदाहरण दिले जाते. एकीने तेरा वर्षे नियमित इंजेक्शने घेतली, दुसरीने त्या काळात फक्त दोनदा. अडतिसाव्या वर्षी पहिलीच्या कपाळावर स्वस्थ असताना रेघा नव्हत्या, दुसरीच्या कपाळावर होत्या. निरीक्षण खरे आहे, पण ती एकच जोडी आहे. शिवाय त्यातून सिद्ध होते ते एवढेच, की नियमित उपचाराने रेघा रोखता येतात. पहिली फिकट रेघ दिसेपर्यंत थांबले असते तर काही कायमचे गमावले असते का, याचे उत्तर त्यात नाही. जिवंत त्वचा स्वतःची डागडुजी करत असते. फिकट रेघ खोल होण्यात काही वर्षे जातात आणि त्या टप्प्यावर सुरू केलेला उपचारही चांगला लागू पडतो. म्हणून थांबण्याची किंमत फार नाही. घाईची किंमत मात्र मोजता येते. बाविसाव्या वर्षी सुरुवात करून वर्षातून तीनदा इंजेक्शने घेतली, तर बत्तिशीपर्यंत तीस वेळा खर्च होतो आणि तोही कदाचित तिशीनंतर पडणाऱ्या रेघेसाठी.

आता आपल्या उन्हाकडे पाहू. ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर गावी 55 वर्षांखालील 903 जणांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटाच्या त्वचेचे वार्धक्य साडेचार वर्षांत इतरांपेक्षा 24 टक्क्यांनी कमी आढळले. ती माणसे बहुतांशी गोरी होती, हा फरक लक्षात घेतलाच पाहिजे. आपल्या सावळ्या त्वचेतले मेलॅनिन काही प्रमाणात संरक्षण देते, त्यामुळे बारीक सुरकुत्या उशिरा येतात आणि वांग व काळे डाग आधी येतात. पण नांदेड आणि लातूर विषुववृत्ताला नॅम्बूरपेक्षा जवळ आहेत. मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. सोयाबीनच्या काढणीला ऑक्टोबरचे ऊन असते. अशा उन्हात डोळे किलकिले करूनच भुवयांमध्ये आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत रेघा पडतात. चष्म्याचा नंबर असून चष्मा न वापरणाऱ्यांचेही तेच होते. टोपी, गॉगल आणि नेत्रतपासणी हा या रेघांवरचा प्रतिबंधच आहे.

यावर रास्त आक्षेप येईल, की शेतात घाम गाळणाऱ्या बाईने दर दोन तासांनी सनस्क्रीन लावावे कसे? तिने ते लावावे असा आग्रह नाही. तोंडावरून घट्ट बांधलेला सुती रुमाल आणि भर दुपारी सावलीत घेतलेली विश्रांती घामाने धुऊन जात नाहीत. सनस्क्रीन हे दुचाकीवर फिरणाऱ्या, शाळेत, बँकेत, दुकानात काम करणाऱ्यांना सहज जमण्यासारखे आहे. निदान एसपीएफ 30 असलेले, चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटे भरून लावायचे. सोबत धूम्रपान सोडणे, कारण तेही सुरकुत्या लवकर आणते.

दुसरा आक्षेप, की सज्ञान माणसाला स्वतःचा चेहरा जसा हवा तसा ठेवण्याचा हक्क आहे. तो पूर्ण मान्य आहे. स्वस्थ चेहऱ्यावर रेघ उरू लागली असेल आणि ती खुपत असेल, तर बोटॉक्स घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. योग्य हातांत ते बऱ्यापैकी सुरक्षितही आहे. पण हक्काबरोबर माहितीही हवी. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे आहे, ब्यूटी पार्लरमध्ये घेण्याचे नाही. कुपी 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते. पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आणि वीज जाणाऱ्या गावांत ती कुठून आली, कशी ठेवली, हे विचारणे आपला अधिकार आहे. 2024 मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्समुळे काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले, यावरून अतिस्वस्त ‘ऑफर’चा धोका कळावा. इंजेक्शन चुकले तर पापणी काही आठवडे झुकू शकते. गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी ते टाळावे आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनी तो आधी सांगावा. लग्नसराईसाठी घ्यायचे असेल तर समारंभाच्या किमान महिनाभर आधी घ्यावे, म्हणजे काही सुधारायचे राहिले तर वेळ मिळतो.

तेव्हा निर्णयाची रीत साधी ठेवावी. दिवसाच्या उजेडात आरशासमोर चेहरा सैल सोडावा. कपाळ आक्रसल्यावरच आठ्या दिसत असतील, तर वय काहीही असो, इंजेक्शनाची गरज नाही. चेहरा सैल असतानाही रेघ उरत असेल आणि खुपत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला भेटण्याची ती वेळ. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख ही दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये जिल्ह्याच्या ठिकाणीच आहेत. शंका असेल तर तिथल्या त्वचारोग विभागात दुसरे मत घेता येते. पंचविशीतल्या मुलामुलींच्या मनात स्वतःच्या चेहऱ्याविषयी भीती पेरून विकलेला उपचार हा प्रतिबंध नव्हे. प्रतिबंध म्हणजे जे नुकसान खरोखर होते आहे, ते त्याच्या कारणापाशी रोखणे, आणि आपल्याकडे ते कारण बहुतेकदा ऊन आहे.

पुढील भागात : गोरेपणाच्या नावाखाली चेहऱ्याला लावली जाणारी स्टिरॉइडयुक्त मलमे.