गल्लीतला कोरिया

आमच्या घरच्या अल्बमात लग्ना-मुंजीचे फोटो पुष्कळ आहेत. पण चुलीपुढे बसलेल्या आजीचा एकही नाही. ती गेल्यावर हे ध्यानात आले. तेव्हापासून साध्या माणसांच्या रोजच्या जगण्याची छायाचित्रे मिळतील तेथे मी पाहू लागलो, आणि सर्वांत अधिक रमलो तो कोरियाच्या छायाचित्रांत. शंभर वर्षांत तेथील जीवन तर पालटलेच. पण कॅमेऱ्यामागचा माणूसही पालटत गेला. मला त्याचेच अधिक कुतूहल वाटते.

प्रथम तो पाहुणा होता. १८८३-८४ च्या हिवाळ्यात पर्सिव्हल लोवेल हा अमेरिकन गृहस्थ सोल येथे राहिला व त्याने तेथे छायाचित्रे घेतली. (मंगळावर कालवे पाहणारा खगोलज्ञ तो हाच. निदान सोलमध्ये त्याने जे होते तेच पाहिले!) पुढे १९१० ते १९४५ जपानी अंमल होता. या राज्यकर्त्यांच्या संशोधकांनी कोरियन माणसांना समोरून आणि बाजूने टिपले, जणू संग्रहालयातले नमुनेच. या चित्रांतले डोळे पाहवत नाहीत.

१९५० ते १९५३ च्या युद्धाने देश उद्ध्वस्त झाला. निसर्गदृश्यांत रमणारा लिम उंग-सिक याच काळात माणसांकडे वळला. त्याच्या १९५३ च्या चित्रात सोलच्या रस्त्यावर एक तरुण भिंतीला टेकून उभा आहे. टोपी डोळ्यांवर ओढलेली, कमरेला ‘काम हवे’ अशी पाटी. आणि मागे सुटाबुटातले दोघे हसतमुखाने हस्तांदोलन करीत आहेत. पदवी हाती पडण्याच्या बेतात असलेल्या आम्हा मंडळींना या चित्रावर भाष्य नको!

छ्वे मिन-शिकने बुसानचा मासळीबाजार टिपला. तान्हे अंगावर पीत आहे. पण मासळीच्या हातांचा वास बाळाला लागू नये म्हणून आईने दोन्ही हात मागे धरले आहेत. अशी चित्रे देशाचे दारिद्र्य जगापुढे मांडतात, म्हणून तेव्हाच्या सरकारची त्याच्यावर वक्रदृष्टी होती. गरिबी हटली नाही तरी चालेल, दिसता कामा नये, हा न्याय आपल्याला अगदीच अपरिचित नाही.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो किम की-चान (१९३८-२००५). नोकरी सांभाळून सुमारे तीस वर्षे तो सोलच्या गल्लीबोळांत हिंडला. गल्ली म्हणजेच तेथले अंगण : चटई टाकून आजीबाई बसल्या आहेत, पोरे तेथेच खेळत आहेत, आणि कॅमेऱ्याकडे कोणी बिचकून पाहत नाही, कारण तो घरचाच झालेला. पुढे त्या गल्ल्या पाडून उंच इमारती उठल्या, माणसे पांगली. तेव्हा किमने जुन्या चित्रांतली मुले हुडकून काढली. ती आता आईबाप झाली होती. त्याने त्यांना पुन्हा एकत्र उभे केले आणि पुन्हा फोटो घेतला.