लघवी होते, पण पूर्ण होत नाही

लघवी एकाएकी बंद झाली की ओटीपोट फुगते, कळा येतात आणि बाई धावत दवाखाना गाठते. ते एका अर्थी बरे, दुखणे निदान कळते तरी. आज ज्या दुखण्याबद्दल लिहायचे आहे ते असे ओरडून सांगत नाही. लघवी रोज होते, दिवसातून दहा-बारा वेळा होते, पण दरवेळी थोडीशीच. बरीचशी मूत्राशयात मागे उरते. असे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. लघवी तुंबण्याचा हा जुनाट प्रकार आहे.

याच्या खुणा बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. धार बारीक येते, थांबून थांबून येते. जोर करावा लागतो, ओटीपोट हाताने दाबावे लागते. संडासातून घरी पोहोचेपर्यंत पुन्हा जावेसे वाटते. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. वरचेवर उन्हाळी लागते, गोळ्यांनी बरी होते आणि महिन्याभरात परत येते. साचलेल्या पाण्यात जसे किडे होतात तसे उरलेल्या लघवीत जंतू वाढतात.

आणखी एक खूण फसवी आहे. काही बायकांची लघवी गळते. हंडा भरला तरी नळ चालूच राहिला तर पाणी काठावरून सांडणारच, तसे हे गळणे असते. पण सांगताना बाई फक्त ‘गळते’ एवढेच सांगते आणि मूत्राशय शांत करण्याच्या गोळ्या सुरू होतात. त्या गोळ्यांनी आधीच कमजोर असलेला स्नायू आणखी ढिला पडतो. म्हणून गळण्याची गोळी घेण्याआधी मागे किती लघवी उरते हे तपासून घ्यावे.

पुरुषांना प्रोस्टेटची गाठ वाढून हा त्रास होतो हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यामुळे बाईलाही असे होऊ शकते हे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

बाईत याची कारणे अनेक. त्यातले सर्वांत जास्त लपवले जाणारे म्हणजे अंग बाहेर येणे. बाळंतपणे, जड हंडे, बांधकामावरची घमेली, वर्षानुवर्षांचा खोकला, संडासला कुंथणे यांनी खालचे स्नायू सैल पडतात. मूत्राशय किंवा पिशवी खाली सरकते आणि लघवीची नळी पाण्याच्या पाइपासारखी मुडपते. कितीतरी बायका बोटाने अंग आत ढकलून लघवी करतात आणि हे नवऱ्याला, मुलीला, डॉक्टरला, कुणालाच सांगत नाहीत. सांगायला हवे, कारण याला उपाय आहे. आत बसवायची एक साधी रिंग मिळते, आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया करता येते. प्रत्येकीची पिशवी काढावी लागते असे मुळीच नाही.

पिशवीतली मोठी गाठ, मूतखडा, लघवीच्या वाटेचा आकसलेपणा यांनीही वाट अडते. घट्ट बद्धकोष्ठता तर फार साधी गोष्ट वाटते, पण मलाने भरलेले आतडे पुढच्या मूत्राशयावर दाबते. म्हातारीची लघवी अडली तर आधी संडास साफ होतो का ते विचारावे.

कधी वाट मोकळी असते, पण मूत्राशय नीट आवळतच नाही. मधुमेहात हे हळूहळू होते. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायाला मुंग्या येतात, तशीच मूत्राशयाची जाणीवही बोथट होते. भरल्याचे कळत नाही, दुखत नाही. दिवसभर लघवी लागत नाही याचे काही बायकांना कौतुक वाटते. मधुमेह असेल तर ते कौतुक करू नये. मणक्याची गादी सरकणे, लकवा, कंपवात यांतही नसांचा निरोप पोहोचत नाही. बाळंतपणात किंवा ऑपरेशननंतर मूत्राशय फार ताणले गेले तर स्नायू दुबळा होऊ शकतो. म्हणून बाळंतिणीला सहा तासांत लघवी झाली की नाही हे नर्सला विचारा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. सर्दीच्या काही गोळ्या, मनाच्या आजाराची व झोपेची काही औषधे, तीव्र वेदनाशामके यांनीही लघवी अडते. ती स्वतःहून बंद करू नका, चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा.

विशी-तिशीतल्या मुलींनाही हा त्रास होतो. लघवीचे दार सोडणारा स्नायू ढिलाच होत नाही. लंडनच्या डॉ. क्लेअर फाउलर यांनी १९८० च्या दशकात हे दाखवून दिले. तोवर अशा मुलींना ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवले जाई. आजही पाठवले जाते.

आणि थोपवून धरणे. वस्तीतला संडास लांब, रांग मोठी, आत दिवा नाही, कडी तुटलेली. मग बाई पाणीच पीत नाही, संध्याकाळपर्यंत थोपवते. एखाद्या दिवशी थोपवल्याने काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षे मूत्राशय असे ताणले गेले तर त्याची आवळण्याची ताकद कमी होऊ शकते, आणि पाणी न पिण्याने उन्हाळी, खडे, बद्धकोष्ठता होते ती वेगळीच. याला बाईच्या सवयीचा दोष म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पुरुषांची मुतारी फुकट आणि बाईला पैसे, या भेदाविरुद्ध मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ची चळवळ उभी राहिली, ती आरोग्याचीच चळवळ होती.

तपासणी सोपी आहे. पोटाची सोनोग्राफी करताना आधी भरलेल्या मूत्राशयाची आणि मग लघवी करून आल्यावर लगेच पुन्हा. रिपोर्टवर ‘पी.व्ही.आर.’ असे लिहिलेले असते, म्हणजे मागे उरलेली लघवी. ५० मिलिलिटरपर्यंत काळजी नाही. २०० च्या वर गेली तर पुढे तपासावे. ३०० च्या वर सहा महिने राहिली तर तो जुनाट प्रकार धरतात. दुसऱ्यांदा आत न्यायला कुणी विसरले तर आपणच आठवण करावी. सोबत लघवी, साखर आणि क्रिएटिनिन तपासावे, कारण तुंबलेल्या लघवीचा दाब मागे किडनीपर्यंत जातो आणि किडनी न दुखता खराब होऊ शकते.

कारण सापडले की उपचार त्याप्रमाणे. घरी एवढे करता येते: अधांतरी वाकून, घाईत लघवी करू नये. नीट बसावे, झाली असे वाटल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. स्नायू कायमचा दुबळा असेल तर दिवसातून तीन-चार वेळा बारीक नळी घालून स्वतः लघवी काढण्याची पद्धत आहे. अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये ती रूढ केली. ऐकून अंगावर काटा येतो खरा. पण हात स्वच्छ धुऊन, आरसा समोर धरून शिकले की चार-आठ दिवसांत हात बसतो, आणि कायमच्या पिशवीपेक्षा ती पुष्कळ बरी.

बसण्याच्या जागी बधिरपणा, पायात अशक्तपणा आणि लघवी अडणे असे एकत्र झाले, किंवा लघवीच्या त्रासासोबत थंडी-ताप आणि कुशीत दुखू लागले, तर सकाळची ओपीडी उघडण्याची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.