लोणारचें खारें सरोवर

भंडारा जिल्ह्यांत तळ्याची अपूर्वाई कोणासच नाहीं. मातीची पाळ, तिच्या आड सांठलेलें पावसाचें पाणी आणि धानाच्या बांध्यांकडे जाणारा पाट, म्हणजे तलाव. हें पवनीकडील लहान मुलासही ठाऊक असतें. कोहळी समाजानें पूर्वीं बांधलेल्या तलावांवर या मुलुखाची शेती पोसली गेली. पाणी गोडें आणि भरपूर असलें कीं तळें चांगलें, ही या भागाची कसोटी. परंतु महाराष्ट्रांत एक सरोवर असें आहे कीं, ज्यास ही कसोटी लावली तर तें नष्टच व्हावयाचें. तें म्हणजे बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार.

पवनीहून नागपूरमार्गें मेहकर गांठावें आणि तेथून लोणारास जावें. भोंवतालचा प्रदेश सपाट. गांवाच्या कडेला येईपर्यंत कशाची चाहूल लागत नाहीं. मग एकाएकीं पायांखालची जमीन तुटते. सुमारें १,८०० मीटर व्यासाची आणि जवळजवळ १४० मीटर खोल अशी वाटोळी द्रोणी समोर पसरलेली दिसते. तळाशीं हिरवट पाणी, उतारावर दाट झाडी. ही झाडी सदाहरित नव्हे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांतल्याप्रमाणें ती पानगळीची आहे. माकडें, मोर आणि नाना प्रकारचे पक्षी तींत राहतात. या द्रोणीस २००० सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला.

ही द्रोणी झाली कशी? विष्णूनें दैत्यसूदनाचें रूप घेऊन लवणासुरास मारलें, तें ठिकाण हें, अशी जुनी कथा आहे. लोणार गांवांतील दैत्यसूदनाचें शिल्पसमृद्ध मंदिर तिचीच आठवण होय. १८२३ मध्यें अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. पुढें कित्येक पंडितांनीं हें ज्वालामुखीचें मुख ठरविलें. तो तर्क साहजिक होता, कारण सारें दख्खनचें पठार लाव्ह्याच्याच थरांचें आहे. परंतु ते थर सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचे, आणि ही द्रोणी त्यांहून फार अलीकडची. तिचें वय पूर्वीं सुमारें ५०,००० वर्षें मानीत. अलीकडील मापनांवरून तें सुमारें ५,७०,००० वर्षें निघतें. तिच्या मुखांतून नवा लाव्हा वाहिल्याची खूण कोठेंही नाहीं.

मग तळाशीं भोंकें पाडून खडक वर काढण्यांत आले. ते चिरडलेले निघाले. त्यांतील कांहीं स्फटिक तर न वितळतांच कांचेसारखे झालेले होते. असें होण्यास लागणारा दाब कोणत्याही ज्वालामुखींत उत्पन्न होत नाहीं. आकाशांतून प्रचंड वेगानें येणाऱ्या अशनीच्या आघातानेंच तो होतो. १९७३ सालीं फ्रेडरिकसन व त्यांचे सहकारी यांनीं हा पुरावा जगापुढें मांडला आणि वाद मिटला. पवनीची पाळ माणसांनीं टोपलीटोपलीनें माती वाहून उभारावी; लोणारची पाळ मात्र त्या आघातानें उसळून उलटलेल्या खडकांची, क्षणांत झालेली आहे. चंद्रावरील कांहीं विवरेंही अशाच जातीच्या काळ्या खडकांत असल्यानें, शास्त्रज्ञ लोणारवरून चंद्राचा अभ्यास करतात.

आतां पाणी खारें कां? गांवच्या तलावास पाट असतो. आलेलें पाणी जातें, आणि त्याबरोबर क्षारही जातात. लोणारास पाणी येण्याचे मार्ग आहेत, जाण्याचा एकही नाहीं. पावसाचे ओहोळ आणि धारेसारखे गोडे झरे खडकांतले क्षार आणून सोडतात. उन्हानें पाण्याची वाफ होते, क्षार मागें राहतात. लक्षावधि वर्षें हा व्यवहार चालला असल्यानें पाणी साबणाच्या पाण्याप्रमाणें अल्कधर्मी झालें आहे. साध्या तळ्यांतला मासा त्यांत सहसा तग धरीत नाहीं. परंतु सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळास तेंच अमृत, आणि पाण्याचा हिरवा रंग त्याचाच.

हें सारें तोलावर उभें आहे. २०२० च्या जूनमध्यें पाणी घटून खारेपणा वाढला, आणि सरोवर एकाएकीं गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत हा रंग खाऱ्या पाण्यांतील सूक्ष्म जीवांचा असल्याचें आढळलें. पाऊस पडतांच तो ओसरला. त्याच वर्षीं सरोवरास रामसर यादींत स्थान मिळालें.

उलट बाजूचा धोका याहून मोठा आहे. सांडपाणी आणि शेतांतील खत वाहून आंत आलें, किंवा गोडें पाणी अति वाढलें, तर हा अल्कधर्मी गुण पातळ होईल आणि त्यावर जगणारी जीवसृष्टी नाहींशी होईल. अशा वेळीं तळें भरलेलें दिसेल आणि बघणारा म्हणेल, ‘किती छान पाणी आलें!’ परंतु तेव्हां लोणार उरलेलें नसेल, केवळ आणखी एक तलाव उरलेला असेल.

म्हणून प्रवाशानें सकाळीं उतरावें, झऱ्यांत साबण लावूं नये, कांठचा खडक फोडून आणूं नये, आणि मुलांस एवढें सांगावें कीं, पवनीच्या तलावाची सेवा म्हणजे त्यांत पाणी आणणें. लोणारची सेवा म्हणजे त्यास आपलेंच पाणी राखूं देणें.