गोल्फचं मैदान लांब का करतात?

द्वारका म्हटलं की आपल्याला कृष्णाची नगरी आठवते. आज मात्र आपण दिल्लीतल्या द्वारकेत जाणार आहोत. इथे सेक्टर २४ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाचं १८ होलचं गोल्फ मैदान आहे. लांबी सात हजार यार्डांहून जास्त, म्हणजे सहा किलोमीटरच्या वर. एवढं लांब मैदान कशासाठी?

गोल्फमध्ये ‘होल’ म्हणजे नुसता खड्डा नव्हे. पहिला फटका मारायची सपाट जागा म्हणजे टी. तिथपासून झेंड्यापर्यंतचा सगळा पट्टा म्हणजे एक होल. समजा, असा एक होल ४३० यार्डांचा आहे. पूर्वी चांगल्या खेळाडूचा पहिला फटका साधारण २५० यार्ड जायचा. मैदान आखणाऱ्याने नेमका तिथेच वाळूचा बंकर ठेवला. आता खेळाडूला विचार करणं भाग होतं : बाजूने काढायचा, की अलीकडेच थांबायचं?

आजचा तगडा खेळाडू ३०० यार्ड मारतो. चेंडू बंकरच्या डोक्यावरून जातो. विचार करायची गरजच उरत नाही.

म्हणून टी ४० यार्ड मागे नेतात. बंकर जागचा हलत नाही, पण आता तो २९० यार्डांवर येतो आणि पुन्हा आडवा उभा राहतो. म्हणजे नुसतं अंतर वाढवायचं नसतं, जुना प्रश्न परत विचारायचा असतो. हौशी खेळाडूने घाबरू नये. पुढची टी तशीच ठेवलेली असते, तो तिथूनच खेळतो.

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये १७ वा होल २०१० साली असाच ४५५ वरून ४९५ यार्डांचा केला. नवी टी जुन्या रेल्वेमार्गापलीकडे न्यावी लागली! अमेरिकेतल्या ऑगस्टाने २०२३ मध्ये १३ वा होल ३५ यार्डांनी वाढवला. त्यासाठी शेजारच्या क्लबकडून जमीन विकत घेतली होती.

खरी अडचण इथेच आहे. मैदान लांबलं की जमीन हवी, पाणी हवं, देखभाल हवी. शहरातल्या जुन्या मैदानाने मागे सरकायचं तरी कुठे? म्हणूनच गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूच्याच कसोटीचे निकष कडक करायचं जाहीर केलं. टी मागे नेण्याऐवजी चेंडूच थोडा कमी जावा, असा हा विचार.

तिसरी वाट पाहायला द्वारकेहून दिल्ली गोल्फ क्लबवर चला. तिथे दोन्ही बाजूंना दाट झुडपं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. जगातल्या लांब मारणाऱ्यांपैकी एक, रोरी मॅकिलरॉय, त्याने आपण ड्रायव्हर वापरणार नाही असं आधीच सांगून टाकलं. चेंडू झुडपात गेला तर ताकदीचा उपयोग काय? विजेता टॉमी फ्लीटवूड ठरलेल्या फटक्यांपेक्षा २२ फटके कमी खेळला, म्हणजे मैदान जिंकता येतं. पण तिथे जोरापेक्षा नेम मोठा ठरला.

तेव्हा पुढच्या वेळी टीव्हीवर गोल्फ दिसला, तर चेंडू किती लांब गेला एवढंच पाहू नका. मारण्याआधी खेळाडू थांबून विचार करतोय का, तेही पाहा. करत असेल, तर ते मैदान अजून तरुण आहे.